हवेतून पाणी काढायचं मशीन घेताय? आधी हे चेक करा

हैदराबादच्या मैत्री अ‍ॅक्वाटेकची मेघदूत मशीनं मध्य रेल्वेने मुंबईतल्या काही स्टेशनांवर बसवायचं ठरवलं, तेव्हापासून सोसायट्यांच्या ग्रुपवर "आपण पण एक घेऊया का" हे अधूनमधून निघतंच. घ्या की, पण ब्रोशरवर '१०० लिटर रोज' वाचून लगेच अ‍ॅडव्हान्स देऊ नका. तो आकडा बहुतेक वेळा चांगल्या दमट हवेतला असतो. पहिला प्रश्न हाच विचारा, की एप्रिलच्या दुपारी आमच्या गावात किती निघेल? उत्तर लेखी घ्या.

कारण मशीनच्या आत एसीसारखंच काम चालतं, थंड कॉइलवर हवा जाते, दव जमतं, मग फिल्टर आणि यूव्ही. ३० डिग्री आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत साधारण २१ ग्रॅम वाफ असते, ती हवा १० डिग्रीपर्यंत थंड केली तर ११-१२ ग्रॅम पाणी सुटतं, म्हणजे एका लिटरला ८५-९० घनमीटर हवा ओढायची. मुंबई, रत्नागिरी, गोव्यात हे जमतं. पण ४० डिग्री आणि १५ टक्के आर्द्रता असली की कॉइल आठ डिग्रीच्या खाली गेल्याशिवाय दवच पडत नाही! २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला जलदूत ही पाण्याची रेल्वे आली, पहिल्याच फेरीत ५ लाख लिटर. तेवढ्याला १०० लिटरवाली ५००० मशीनं दिवसभर फुल चालायला हवीत, आणि लातूरच्या एप्रिलमध्ये ती फुल चालणारच नाहीत.

बंगळुरूची उरवू लॅब्ज वेगळ्या पद्धतीने करते, कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण वाफ शोषून घेतं आणि ते तापवून पाणी सोडवतात. फॅक्टरीत वाया जाणारी उष्णता असेल तर हे बघण्यासारखं आहे, सोसायटीला नाही.

आता डेमो. सबमीटर (फक्त त्या मशीनची वीज मोजणारा वेगळा मीटर) लावून २४ तास चालवायला सांगा (फक्त पहाटेचा डेमो दाखवला तर समजून जा), शेजारी आर्द्रता मोजायचा एक हायग्रोमीटर ठेवा, पाणी मापाने मोजा आणि युनिटला लिटरने भागा. समजा लिटरला ०.४ युनिट आलं आणि वीज १० रुपये युनिट, तर नुसत्या विजेचेच ४ रुपये लिटर झाले, त्यात फिल्टर आणि एएमसी (वर्षाचा देखभालीचा करार) मिळवा आणि मग जारवाल्याच्या रेटशी तुलना करा.

जागा सावलीतली पण मोकळी हवी. बंद खोलीत ठेवलं तर खोली तापते, हवा कोरडी होते आणि पाणी कमी येतं. जनरेटर किंवा किचनच्या एक्झॉस्टजवळ तर अजिबात नको, धुरातलं बरंच काही पाण्यात उतरतं.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर जवळजवळ शून्य दाखवून सेल्सवाला खूश होईल, तुम्ही होऊ नका. दवाचं पाणी तसंच असतं, त्यात मिनरल टाकावी लागतात, आणि जंतू त्या मीटरवर दिसत नाहीत. टाकीतलं पाणी एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमधून आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे तपासून घ्या, बसवल्यावर एकदा आणि नंतर पावसाळ्यात परत, तेव्हा बुरशी लवकर धरते.