पेलेट मोजताय? आधी काटा तपासा, या चुका टाळा

दहा मीटर एअर रायफल शिकणाऱ्या पोरांचा स्कोअर जरा जमू लागला की ती लगेच पेलेट, म्हणजे रायफलची बारीक गोळी, वजन करून निवडायला बसतात. निवडा, माझी ना नाही. पण त्यातून मिळतं किती, ते आधी समजून घ्या.

साडेचार मिलिमीटरची मॅच पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमची असते आणि सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगानं सुटते. हवेचा जोर तोच असेल तर जड पेलेट हळू जाते, हलकी जोरात. वजनात ०.०१ ग्रॅमचा फरक पडला तर वेग जवळपास एक टक्का बदलतो आणि टार्गेटवर गोळी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वरखाली होते. दशांश गुणांत ०.१ म्हणजे पाव मिलिमीटर. म्हणजे फरक आहे, पण एवढाच. दहाऐवजी आठ गुणांवर गेलेल्या गोळीचा दोष वजनाला देऊ नका. ट्रिगर बघा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे कुलरच्या वाऱ्यात मोजणं. वर्धेकडच्या मे महिन्यात कुलर बंद करायला कोणी तयार नसतं, हे मलाही कळतं. जिल्हा स्पर्धेच्या आदल्या रात्री आमच्या एका पोरानं डब्याच डब्या मोजल्या, चिठ्ठ्या लावून कप्पे केले. सकाळी मी त्याच्याच कप्प्यातली एक पेलेट उचलली आणि त्याच काट्यावर, कुलर चालू ठेवून, पुन्हा पुन्हा ठेवायला लावली. एकदा ०.५२९, मग ०.५३४, मग ०.५३१. पेलेट तीच! "सर, म्या तं रातभर बसून मोजले ना!" मेहनत खरी होती, पण त्या कप्प्यांना काही अर्थ नव्हता. त्यानं मोजला तो वारा. वर झोप गेली ती वेगळीच, आणि उभ्यानं नेम धरताना ती लगेच दिसली.

मी काटा अर्धा तास आधी चालू करतो. पंखा, कुलर बंद. काटा लाकडी टेबलावर नाही, फरशीच्या ओट्यावर. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला तरी टेबल हलतं. पेलेट चिमट्यानं धरायची. एक पेलेट खुणेची म्हणून वेगळी ठेवलेली आहे, थोड्याथोड्या वेळानं तीच काट्यावर ठेवतो. आकडा सरकला की मागची तुकडी पुन्हा मोजायची. याला घाई चालत नाही, आणि घाई असेल तर मोजूच नका. ०.०१ ग्रॅमपर्यंतच दाखवणारा खिशातला काटा या कामाचा नाही.

दुसरी चूक लॉटची, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेल्या पेलेटची. नागपूरला जो कोणी जाईल तो मिळेल ती डबी आणतो, एकीत ४.४९ मिलिमीटर जाडीची पेलेट, दुसरीत ४.५०ची, आणि सगळी एकाच डबीत ओततात. मग मोजून काय उपयोग? आधी रायफल शिकंज्यात बांधून प्रत्येक लॉटचा ग्रुप काढा, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ पडतात ते बघा. ज्याचा ग्रुप लहान, तो लॉट परवडेल तेवढा एकदम घ्या. माझ्या मते चांगला लॉट न मोजता वापरलेला बरा, वाईट लॉट मोजून वापरण्यापेक्षा.

क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, ट्यूबलाइटखाली लावू नका, आकडे भलतेच येतात. खाली पडलेली पेलेट बाजूला टाका, तिचा घेर दबलेला असतो. रायफलचा हवेनं भरलेला सिलेंडर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. आणि पेलेट शिशाची असते. जेवणाचा डबा उघडण्याआधी हात साबणानं धुवा.