'बालक-पालक' पोरांसोबत बघायचाय? मग आधी एवढं करा

पोरगं सातवी-आठवीत गेलं की घरात एक नवीन प्रकार सुरू होतो, आपण खोलीत आलो की मोबाइल उलटा, मित्राचा फोन आला की गॅलरीत जाऊन बोलणं, आणि "काय झालं?" विचारलं की "काय नाय". अशा वेळी लेक्चर देण्यापेक्षा पिक्चर लावा, माझ्या मते तरी त्यासाठी मराठीत 'बालक-पालक'सारखा दुसरा नाही. वयात येणाऱ्या पोरांच्या लैंगिक कुतूहलावरचा पिक्चर, दिग्दर्शक रवी जाधवचा, जानेवारी २०१३ मधे आलेला, रितेश देशमुख निर्मात्यांपैकी एक. पण नुसता लावून देऊन आपण पोळ्या लाटायला गेलो तर काही उपयोग नाही, थोडी तयारी लागते.

पहिलं काम, आधी एकट्याने बघा, किंवा नवराबायको दोघं बघा. तेव्हा थिएटरात बघितलाय वगैरे चालणार नाही, परत बघा. कारण त्यातल्या पोरांना 'ज्ञान' वाटणाऱ्या विशूचे डायलॉग (प्रथमेश परब, कमाल केलीय पोराने) ऐकून तुम्ही फिसकन हसणार आणि मग शेजारी पोरगं आहे हे आठवून एकदम गंभीर चेहरा करणार, आणि त्या एका सेकंदात पोराला कळतं की या विषयावर घरात बोलायचं नसतं. त्यापेक्षा हसायचं ते मोकळं हसा. वयाचं म्हणाल तर बारा-तेराच्या खाली मी दाखवणार नाही, त्यापुढे पोर बघून ठरवा. आणि मामा, काकू, आजी सगळा गोतावळा जमवून तर अजिबात बघू नका, पोरगं लाजून मरेल.

थोडा संदर्भ आधी द्या. गोष्ट ऐंशीच्या दशकातल्या मुंबईच्या चाळीतली आहे. आजच्या पोरांना चाळ म्हणजे दारं उघडी आणि कोणाच्या घरी काय शिजलं ते सगळ्यांना माहीत, हे समजत नाही. व्हीसीआर, कॅसेट हेही सांगावं लागतं. ते सांगताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली, की तेव्हा "तसला" पिक्चर बघायचा तर केवढा उद्योग! घर रिकामं पाहिजे, मशीन पाहिजे, कॅसेट पाहिजे, ती आणून देणारा एखादा विशू पाहिजे, म्हणजे एकट्याने जमायचंच नाही, गँग लागायची. पिक्चरमधली अव्या, भाग्या, डॉली, चिऊ चौघं मिळून ते गुपित सांभाळतात, त्यात भांडतात, दोस्ती गढूळ होते, पण निदान चौघं तरी असतात. आजच्या पोराला यातलं काहीच लागत नाही, सगळं खिशात आहे, म्हणून ते एकटंच बघतं, एकटंच घाबरतं आणि कोणालाच सांगत नाही. मला तर हेच जास्त अवघड वाटतं, कंटेंट किती वाईट यापेक्षाही.

बघताना शेजारी बसा, समोर नको. ऑकवर्ड सीन आला की रिमोटकडे हात नेऊ नका, पाणी प्यायला उठू नका, आणि सारखं पॉज करून "बघ, यातून काय शिकलास?" तर नकोच नको. पोराने स्वतः काही विचारलं तरच थांबवा.

बोलायचं ते संपल्यावर, जेवताना वगैरे. सुरुवात ज्योतीताईवरून करा. चाळीतली ती मुलगी अचानक जाते, मोठी माणसं म्हणतात तिने शेण खाल्लं, पोरं विचारत सुटतात की म्हणजे काय केलं, आणि एकही मोठा माणूस सरळ उत्तर देत नाही. सगळा घोळ तिथून सुरू होतो. म्हणून विचारा, "त्या पोरांनी कोणाला विचारायला हवं होतं रे?" बस, एवढंच. "तू पण असलं बघतोस का?" हा प्रश्न चुकूनही नाही, तो टाकलात की पुढची दोन वर्षं "काय नाय" ऐकायची तयारी ठेवा. बोलणं अव्या-विशूबद्दलच राहू द्या, पोरं आपलं म्हणणं त्यांच्या नावावर बरोबर खपवतात.

मग कदमकाका. किशोर कदमने केलेलं ते काम परत परत बघावं असं आहे, पोरांना न झापता, न लाजता बोलणारा एक मोठा माणूस. पोराला विचारा की तुझा कदमकाका कोण? तुम्हीच असाल असं धरून चालू नका, आत्या असेल, शाळेतल्या बाई असतील, एखादा मोठा दादा असेल. जो कोणी आपल्याला पटेल त्याला सांगून ठेवा की बाबा पोर काही बोललं तर ऐक, लगेच मला रिपोर्ट नको देऊस. (आणि डायरी, चॅट चोरून वाचायची सवय असेल तर ती आधी सोडा, नाहीतर हे सगळं नाटक आहे हे त्यांना कळतंच.)

आता महत्त्वाचं. सगळीच गुपितं खणून काढायची नाहीत. वर्गातली कोण आवडते, मित्राच्या घरी काय चाललंय, हे त्यांचं आहे, राहू दे. पण कोणी मोठा माणूस, नात्यातला असो की ऑनलाइन भेटलेला, अंगाला हात लावून किंवा फोटो मागून वर म्हणाला की "घरी सांगू नको", गिफ्ट देऊन म्हणाला किंवा धमकी देऊन, तर ते गुपित पाळायचं नाही, हे स्पष्ट शब्दांत आधीच सांगून ठेवा. आणि तुमच्याकडून एक काळजी, "सांग, मी कोणालाच सांगणार नाही" असं प्रॉमिस कधीच करू नका. पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, घरच्यांनासुद्धा, आरोपी घरचाच असला तरी. म्हणून असं म्हणा, "तुला न विचारता गावभर करणार नाही, पण तुला धोका असेल तर मदत मागावीच लागेल." चाइल्डलाइनचा १०९८ नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, पोरं स्वतःही लावू शकतात, मोबाइलमधे सेव्ह करून द्या. फोटोवरून कोणी धमकावत असेल तर घाबरून चॅट डिलीट करू नका, तो फोटो कोणालाही फॉरवर्ड करू नका, सरळ पोलिसांत जा. आणि "तू पाठवलासच कशाला?" हे वाक्य गिळा.

पिक्चर संपल्यावर पोरगं काहीच न बोलता झोपायला गेलं तर जाऊ द्या, मागे लागू नका. प्रश्न नंतर येतो, बहुतेक तुम्ही स्कूटरवर सिग्नलला थांबलेले असताना, आणि तोही असा की घाम फुटेल. येईल तेवढं सरळ सांगा, शरीराच्या भागांची खरी नावं वापरा, आणि माहीत नसेल तर "बघून सांगतो" म्हणा. पण मग त्याच रात्री सांगा, पोरगं विसरेल म्हणून टाळू नका. ते नाही विसरत, विशूला विचारतं.