स्ट्राँगस्वान व्हीपीएन : व्हर्जनचा आकडा नको, चेंजलॉग बघा

स्ट्राँगस्वान या व्हीपीएन सॉफ्टवेअरमधली सीव्हीई-2022-40617 ही सुरक्षा त्रुटी (तिचा फायदा घेऊन हल्लेखोर सेवा ठप्प करू शकतो) तुमच्या सर्व्हरवर बुजवली आहे की नाही, हे नुसत्या व्हर्जनवरून कळत नाही. मूळ दुरुस्ती 5.9.8 मध्ये आली, पण डेबियन 11 सारख्या लिनक्स वितरणांनी तीच दुरुस्ती जुन्या व्हर्जनमध्ये घातली आहे. आकडा जुना दिसला म्हणून घाबरून सोर्सवरून बिल्ड करत बसू नका.

1. 'अ‍ॅप्ट चेंजलॉग स्ट्राँगस्वान' चालवा आणि दिसणाऱ्या चेंजलॉगमध्ये, म्हणजे पॅकेजमधल्या बदलांच्या नोंदीत, 40617 शोधा. आधी अपडेट मात्र बसवलेलं हवं, कारण चेंजलॉग नव्या पॅकेजचाही दिसू शकतो.
2. सापडलं, तर सर्व्हिस रीस्टार्ट करा. चालू बोगदे (व्हीपीएनच्या जोडण्या) तुटतात, तेव्हा हे काम रात्रीच उरका.
3. अपडेट लगेच शक्य नसेल, तर रिव्होकेशन प्लगइनच्या (समोरच्याचं सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, रद्द झालंय का हे त्यातल्या पत्त्यावर विचारणारा भाग) कॉन्फ फाइलमध्ये 'लोड' समोर 'नो' लिहून रीस्टार्ट करा. हल्लेखोर सर्टिफिकेटमध्ये स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता घालतो, तो सर्व्हर मुद्दाम उत्तर लांबवतो आणि आपले थ्रेड (सर्व्हरची कामं करणारे धागे) तिथेच अडकून पडतात. प्लगइनच नसेल, तर त्या पत्त्याकडे कुणी जातच नाही.

दोन ऑफिसांमधलाच बोगदा असेल, तर यूडीपी 500 आणि 4500 हे पोर्ट फायरवॉलवर फक्त समोरच्या आयपीला उघडे ठेवा. हे तर एरवीही करावंच.

सावधान : प्लगइन बंद असताना रद्द केलेली सर्टिफिकेटंही चालतात. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा लॅपटॉप आत येऊ शकतो. म्हणून अपडेट होताच 'लोड' पुन्हा 'येस' करा.