डेन्सिटीची ओळ इम्प्रेशनमध्ये शोधू नका: मॅमोग्राम कोडिंगमधल्या या चुका टाळा

मालाडच्या ऑफिसात मी रात्रपाळीला अमेरिकन रुग्णालयांच्या रेडिओलॉजी चार्टचं ऑडिट करते, म्हणजे रिपोर्ट वाचून कोडरने बिलासाठी लावलेले कोड तपासते. ऑक्टोबर आला की दोन गोष्टी ठरलेल्या: विरार लोकलमध्ये घामाच्या धारा आणि नव्या कोडांवरून टीममध्ये वादावादी, कारण आयसीडीचं, म्हणजे निदानांच्या कोडयादीचं, वर्ष १ ऑक्टोबरला बदलतं. डेन्स ब्रेस्टच्या, म्हणजे मॅमोग्रामवर (स्तनाच्या एक्स-रेवर) टिश्यू घट्ट दिसतो त्या स्तनांच्या कोडिंगमधल्या, चुका मात्र बारमाही आहेत. एररशीट भरताना माझा हात आता त्या न बघताच लिहितो.

पहिली चूक सवयीची. टार्गेट डोक्यावर असतं, म्हणून कोडर थेट इम्प्रेशनवर, म्हणजे रिपोर्टच्या शेवटच्या निष्कर्षावर, उडी मारतो. तिथे ‘निगेटिव्ह, बाय-रॅड्स १’ (बाय-रॅड्स ही मॅमोग्रामच्या निकालाची श्रेणी) दिसलं की झेड१२.३१ हा स्क्रीनिंग मॅमोग्रामचा कोड टाकून चार्ट पुढे. डेन्सिटीचं, म्हणजे टिश्यू किती घट्ट आहे याचं, वाक्य मात्र वर, फाइंडिंग्जच्या (काय दिसलं त्या भागाच्या) सुरुवातीला असतं आणि बहुतेक वेळा इम्प्रेशनमध्ये त्याचा उल्लेखही नसतो. अर्धं मिनिट खर्च करा, पण तो परिच्छेद वाचा.

दुसरी चूक जुन्या लोकांची, माझ्यासकट. ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत डेन्स ब्रेस्टला आर९२.२ चालायचा. तो मुळात ‘इन्कन्क्लुझिव्ह मॅमोग्राम’चा कोड, म्हणजे ज्या तपासणीतून निष्कर्षच निघाला नाही तिचा. डेन्स टिश्यू त्याच्या पोटात कोंबलेला होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून डेन्सिटीला आर९२.३ हे स्वतःचं घर मिळालं. तरी बोटं जुन्याच कळांवर जातात. पहिल्या महिन्यात माझेही चार चार्ट परत आले होते. निकाल स्पष्ट असेल आणि टिश्यू फक्त डेन्स असेल, तर आर९२.२ लावणं म्हणजे रेडिओलॉजिस्टने न म्हटलेली गोष्ट त्याच्या तोंडी घालणं.

नव्या कोडांची रचना एकदा डोक्यात बसली की सोपी आहे. आर९२.३ नंतरचा पहिला आकडा डेन्सिटीचा: १ फॅटी, २ फायब्रोग्लँड्युलर, ३ हेटरोजीनियस, ४ एक्स्ट्रीम. म्हणजे रिपोर्टमधले ए, बी, सी, डी त्याच क्रमाने. शेवटचा आकडा बाजूचा: १ उजवी, २ डावी, ३ दोन्ही. घात होतो तो आकड्यांची अदलाबदल झाली की. आर९२.३३१ म्हणजे उजव्या बाजूची हेटरोजीनियस डेन्सिटी. आर९२.३१३ म्हणजे दोन्हीकडे फॅटी, जे डेन्स नव्हेच. दोन्ही कोड वैध असल्यामुळे सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही.

बाजूबद्दल आणखी एक. बहुतेक रिपोर्टमध्ये दोन्ही स्तनांचा एकत्र उल्लेख असतो, त्यामुळे शेवटी ३ टाकायची सवय लागते. मग डावी मास्टेक्टॉमी (स्तन काढण्याची शस्त्रक्रिया) झालेली बाई येते आणि तिच्या नावावरही ‘दोन्ही’ची डेन्सिटी चढते! अशा वेळी फक्त उजवी बाजू कोड करायची आणि डावा स्तन नसल्याचा झेड९०.१२ जोडायचा. एकाच बाजूचा स्क्रीनिंग मॅमोग्राम असेल, तर ७७०६७ या तपासणीच्या कोडला ५२ मॉडिफायर, म्हणजे तपासणी अंशतः झाल्याची खूण, लागतो, कारण तो प्रोसिजर कोड मुळात दोन्ही बाजूंचा आहे.

अक्षर आणि आकडा यांची गल्लत हा प्रकार ऑफिसपुरता नाही. मागच्या गणपतीत शेजारच्या काकू इथल्याच एका सेंटरचा रिपोर्ट घेऊन दारात उभ्या. ‘अगं, टाइप सी लिहिलंय, म्हणजे तिसरी स्टेज ना?’ मी म्हटलं, काकू, आधी बसा. ए ते डी ही टिश्यू किती घट्ट दिसतो याची अक्षरं, आणि ० ते ६ हे आकडे संशयाचे. तुमचा आकडा २ आहे, पुढचं डॉक्टरांना विचारा. काकूंना माहीत नसणं समजू शकतं. पण ‘कॅटेगरी सी’ वाचून आर९२.८, म्हणजे इतर विकृत निष्कर्षांचा कोड, लावणाऱ्या कोडरला मी काय म्हणू?

क्रमाची चूक पैशाला लागते. बाई वर्षाच्या नेहमीच्या तपासणीला आली असेल, तर पहिला कोड झेड१२.३१च राहतो. तपासणीत सापडलेली डेन्सिटी त्याच्या मागे. ती पुढे आली की क्लेम डायग्नॉस्टिकसारखा दिसतो, आणि मोफत असायला हवी त्या तपासणीचं बिल त्या बाईच्या घरी जाऊ शकतं. शिवाय झेड१२.३१ फक्त मॅमोग्रामचा आहे. कोणतीही तक्रार नसताना नुसत्या डेन्सिटीमुळे पूरक अल्ट्रासाउंड झाला, तरी लोक तोच पुन्हा चिकटवतात. मॅमोग्रामव्यतिरिक्तच्या स्क्रीनिंगसाठी झेड१२.३९ आहे. त्याच्या जोडीला डेन्सिटीचा कोड कुठे ठेवायचा, हे त्या पेयरच्या, म्हणजे बिल भरणाऱ्या विमा कंपनीच्या, पॉलिसीत बघा. टीम लीडरच्या आठवणीवर विसंबू नका.

आर९२.३० हा ‘अनस्पेसिफाइड’ कोड आता क्वचितच लागायला हवा. एफडीए या अमेरिकन सरकारी नियामक संस्थेच्या नियमानुसार १० सप्टेंबर २०२४ पासून अमेरिकेतल्या प्रत्येक मॅमोग्राम रिपोर्टमध्ये चारपैकी एक डेन्सिटी लिहिणं बंधनकारक आहे. तरीही आर९२.३० वारंवार दिसला, तर मी आधी बघते की कोडरने कोणता कागद उघडला होता. बऱ्याचदा तो रुग्णाला पाठवायच्या सोप्या भाषेतल्या पत्रावरून कोडिंग करत असतो. त्या पत्रात डेन्स आहे किंवा नाही, एवढंच असतं. चार प्रकार डॉक्टरांच्या रिपोर्टमध्ये असतात.

आणि रिपोर्टच स्वतःशी भांडत असेल तर? वर टेम्प्लेटमधून आलेलं ‘हेटरोजीनियसली डेन्स’, खाली डिक्टेशनमध्ये ‘स्कॅटर्ड’, म्हणजे बी. गेल्या वर्षीचा रिपोर्ट उघडून बहुमत घेऊ नका, डेन्सिटी वयाबरोबर बदलते. चार्ट होल्डवर टाका आणि रेडिओलॉजिस्टला क्वेरी पाठवा. क्वेरीत ‘सी आहे ना?’ असं सुचवू नका. दोन्ही वाक्यं जशीच्या तशी लिहा, चारही पर्याय द्या आणि कोणता योग्य ते विचारा. उत्तर आलं तरी ॲडेंडम, म्हणजे दुरुस्तीची पुरवणी, रिपोर्टला जोडलेला दिसेपर्यंत चार्ट सोडायचा नाही. चॅटवरचं ‘येस, सी’ ऑडिटला चालत नाही.