‘शिक्षणासाठीच वापरलं’ म्हणून सुटका होत नाही: या चुका टाळा

जानेवारीत स्नेहसंमेलनं आटोपली की तालुक्यातल्या शिक्षकांचे फोन सुरू होतात. कोणाच्या व्हिडिओचा आवाज गेलेला असतो, कोणाच्या यूट्यूब चॅनलवर स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट मोडल्याचा इशारा, आलेला असतो. वाक्य ठरलेलं: “सर, मी त पोरायसाठीच केलं होतं न!” मान्य. पण कॉपीराइट कायदा हेतू पाहतो तसाच तो हेही पाहतो, की तुम्ही ते वर्गात वापरलं, विकलं, की जगासमोर टाकलं.

1957 च्या कायद्यातलं कलम 52 प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी वाचावं. शिकवण्याच्या ओघात उताऱ्याची झेरॉक्स वाटायला, प्रश्नपत्रिकेत कविता घ्यायला त्यात मुभा आहे. विद्यार्थी-शिक्षकांनी शाळेच्या कार्यक्रमात नाटक किंवा गाणं सादर केलं आणि समोर पालक, विद्यार्थी, शाळेशी संबंधित मंडळीच असली, तर त्यालाही मुभा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानावर तीन परदेशी प्रकाशकांनी 2012 मध्ये दावा लावला होता. शिकवण्याच्या गरजेपुरत्या झेरॉक्सला ही मुभा लागू होते, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये म्हटलं आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

याच निकालाचं नाव घेऊन लोक पुस्तिका विकायला बसतात, आणि ही चूक मला सगळ्यांत जास्त खटकते.

आमच्याकडच्या एका तरुण शिक्षकाने शिष्यवृत्ती परीक्षेची सराव पुस्तिका काढली. हुशार पोरगा, मेहनतीही. पण घाई फार. एका खासगी प्रकाशनाच्या मार्गदर्शकातली गणितं जशीच्या तशी टाइप केली, मुखपृष्ठावर स्वतःचं नाव टाकलं आणि आजूबाजूच्या शाळांत पुस्तिका विकली. पीडीएफ व्हॉट्सॲपवर जिल्हाभर फिरली. वकिलाची नोटीस आली तेव्हा तो म्हणाला, असे प्रश्न तर सगळीकडेच असतात. मी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून पाहिली. मूळ पुस्तकातल्या वेळ-वेगाच्या एका गणितात उत्तर 45 च्या जागी 54 छापलं गेलं होतं. याच्या पुस्तिकेतही 54. पुढे काय बोलणार? उरलेल्या प्रती परत मागवल्या, लेखी माफी दिली, पालकांचे पैसे परत केले, तेव्हा प्रकरण मिटलं.

गणिताची रीत कोणाच्या मालकीची नसते. शब्दांत मांडलेलं उदाहरण असतं. म्हणून मी प्रश्न स्वतः घडवतो. कापूस संकलन केंद्रावरचा काटा, क्विंटलचा भाव, संत्र्याच्या बागेतली झाडांची ओळ, एसटीचं वेळापत्रक. एका संध्याकाळी पाच-सहाच प्रश्न होतात. होऊ द्या. ज्याला रातोरात शंभर प्रश्न हवेत त्याने पुस्तिका काढूच नये.

दुसरी चूक स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओची. मंचावर पोरं सिनेमाच्या गाण्यावर नाचली, तिथवर ठीक. तोच कार्यक्रम यूट्यूबवर गेला की प्रेक्षक पालकांपुरते राहत नाहीत आणि शाळेची मुभा तिथे पोचत नाही. क्लेम आणि स्ट्राइक यांतला फरकही लोक समजून घेत नाहीत. क्लेम म्हणजे गाण्याच्या हक्कदाराने व्हिडिओवर सांगितलेला हक्क; त्यात बहुधा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात, आवाज बंद होतो किंवा व्हिडिओ अडवला जातो. स्ट्राइक गंभीर: 90 दिवसांत तीन आले की चॅनल बंद होऊ शकतं. घाबरून एका दिवसात हरकतीचे तीन अर्ज करू नका. आधी नोटीस नीट वाचा.

‘दहा सेकंद चालतं’ असा आकडा आपल्या कायद्यात कुठेच नाही. खाली श्रेय लिहिणं चांगलंच, पण श्रेय म्हणजे परवानगी नव्हे. ‘फेअर यूज’ची पाटी इंटरनेटवरून उचलून व्हिडिओखाली चिकटवणंही थांबवा, ती अमेरिकी कायद्यातली तरतूद आहे. ‘सौजन्य : गूगल’ लिहिणाऱ्यांना तर माझं एकच सांगणं आहे, गूगलने तो फोटो काढलेला नाही.

लेखक गेले म्हणजे लेखन मोकळं झालं, असंही नाही. लेखकाच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं मोजायची. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन 2011 पासून मोकळं. तुकडोजी महाराजांचं निर्वाण 1968 चं. त्यांची भजनं गावोगावी रोज म्हटली जातात, तरी मुदत 2028 अखेरपर्यंत आहे. पुस्तक छापून विकायचं असेल तर हक्क कोणाकडे आहेत ते आधी विचारा. तुकोबांचे अभंग मोकळे आहेत, पण गायकाने गायलेलं त्यांचं ध्वनिमुद्रण वेगळ्या मालकीचं असतं.

झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, हौशी नाट्यमंडळांनाही सांगतो. तिकीट न लावता हौशी मंडळाने केलेल्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे; तिकीट लावलं की नाटककाराची लेखी परवानगी घ्या. तारीख, गाव आणि रक्कम त्याच कागदावर लिहून घ्या.

चॅनलवर टाकायचंच असेल तर मी भुलाबाईची गाणी निवडतो. परंपरेने आलेले शब्द, आपल्याच पोरींचा आवाज, ढोलकी-हार्मोनियम गावातलीच. मोबाइलवर तयार ट्रॅक लावत नाही, कारण त्याचे हक्क पुन्हा कोणाचे तरी असतात. आणि अपलोड करण्याआधी पालकांची संमती वहीत सहीनिशी घेतो.