देशोदेशी फिरून फोटो-स्टोरी करायच्यात? मग आधी वही घेऊन बंदरावर जा

शिमग्याला नाहीतर गणपतीला घरी रत्नागिरीत आले की शेजारपाजारचं कोणीतरी येऊन विचारतंच, ताई, तुझ्यासारखं जगभर फिरून फोटो काढायचे, पुस्तकं लिहायची, तर कॅमेरा कुठला घेऊ? कॅमेऱ्याचं शेवटी बघू. सेकंडहँड बॉडी आणि एक 35 एमएमची लेन्स यावर सुरुवातीची वर्षं आरामात निघतात, तेही नसेल तर मोबाइल घ्या, आता कोणी हसत नाही. खरा प्रश्न असा की संपादकाने तुम्हालाच फोन का करावा?

पूर्वीचं वेगळं होतं. 1947 मध्ये रॉबर्ट कापा, कार्तिए-ब्रेसाँ वगैरे फोटोग्राफर मंडळींनी मॅग्नम ही स्वतःची फोटो एजन्सी काढली तेव्हा त्यांनी चक्क जग वाटून घेतलं होतं, एकाला युरोप, एकाला आफ्रिका, कार्तिए-ब्रेसाँकडे भारत-चीन. मासिकवाले तिकीट, हॉटेल सगळं बघायचे. आता ते बजेट कोणाकडे नाही, त्यामुळे फोन जातो तो तिथेच राहणाऱ्या माणसाला. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा लॉकडाऊन होता, 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा रस्ता बंद, रेल्वे बंद. बाहेरचा कितीही मोठा फोटोग्राफर असू दे, पहिल्या दिवशी तो पोचणार कसा? मला परदेशातली कामं मिळाली तीसुद्धा किनाऱ्यावरच्या कामामुळेच. मच्छीमारांवर नीट काम केलेलं बघून कोणीतरी म्हणालं की आमच्याकडच्या बंदरावर ये, मग तिथून पुढचं.

म्हणून माझं म्हणणं, एक जागा पकडा आणि वर्षभर तिथेच जा. हर्णैचं बंदर घ्या, रत्नागिरीतलं मिरकरवाडा घ्या, मालवणात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात तिथे जा. हर्णैला संध्याकाळच्या लिलावाचे फोटो सगळेच काढतात, टुरिस्टसुद्धा, बैलगाडी आणि सूर्यास्त, झालं. तुम्ही 1 जूनला जा. 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, खलाशी गावी गेलेले, जाळी विणणं चालू, आणि घरात पैशाची ओढाताण. ते फोटो कोणाकडेच नसतात. नारळी पौर्णिमेला परत जा, आणि रात्री एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे गोळा करून मारणाऱ्यांशी पारंपरिकवाल्यांची भांडणं चालू असतील तेव्हाही जा, मासळी विकणाऱ्या मावशी तोपर्यंत तुम्हाला ओळखायला लागलेल्या असतात आणि ओळख झाली की चुलीपर्यंत जाता येतं, बाईमाणूस असलात तर जरा लवकरच.

आता वहीचं. हे कोणी शिकवत नाही म्हणून जास्त सांगते. स्टीव्ह मॅकरीचा तो हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो सगळ्यांना माहितेय, डिसेंबर 1984 मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग छावणीत काढलेला, जून 1985 मध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या कव्हरवर आलेला. जगात एवढा गाजला आणि तिचं नाव कोणालाच माहीत नव्हतं! 2002 मध्ये तिला शोधून काढलं तेव्हा कळलं, शरबत गुला. सतरा वर्षं जगाने तो चेहरा बघितला पण तिची बाजू कोणी ऐकलीच नाही, कारण वहीत नोंदच नव्हती. तुम्ही प्रत्येक फोटोला नाव, वय, गाव, होडी कोणाची, त्या दिवशी भाव काय लागला, तारीख, हे सगळं त्याच रात्री लिहा, दुसऱ्या दिवशी निम्मं विसरायला होतं. आणि माणूस काय बोलला ते त्याच्याच बोलीत लिहा, पुस्तकी करू नका. पुढे लेखक म्हणून जे काही व्हाल ते या वहीतूनच होणार, नुसत्या फोटोंवर पुस्तक उभं राहत नाही.

शिक्षणाचं काय, तर फोटोग्राफीचीच डिग्री पाहिजे असं अजिबात नाही. सेबास्तियाओ सालगादो अर्थशास्त्रज्ञ होता, कॉफीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेतली नोकरी सोडून 1973 मध्ये कॅमेऱ्याकडे आला, त्यामुळे मजुरांचे फोटो काढताना त्या मजुरीमागचा व्यापार त्याला कळत होता. दानिश सिद्दिकी टीव्हीतून आला, 2018 मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेच्या टीमसोबत रोहिंग्या निर्वासितांवरच्या कामासाठी पत्रकारितेतलं मोठं पुलित्झर पारितोषिक मिळालं, आणि जुलै 2021 मध्ये अफगाणिस्तानात मारला गेला. हेही माहीत असू दे. आपल्याकडे शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातला पोरगा कॅमेरा शिकला तर तो माझ्यापेक्षा चांगली समुद्राची स्टोरी करेल असं मला मनापासून वाटतं. नुसते टेक्निकल क्लास लावण्यात पैसे घालवू नका.

कोकणातलं खास दुखणं म्हणजे बुरशी. हवेत ओल साठ टक्क्यांच्या वर राहिली आणि लेन्स अंधाऱ्या बॅगेत पडून राहिली की आत जाळं धरतं. ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं विजेवरचं कपाट, परवडत नसेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक छोटा ह्युमिडिटी मीटर, चाळीस ते पन्नासच्या मध्ये ठेवायचं. तांदूळ नको, पीठ उडतं. बंदरावरून आलात की आधी किंचित ओल्या फडक्याने मीठ पुसा, कोरड्याने घासलंत तर काचेवर ओरखडे येतात.

पैशाचं आणि कागदाचं बोलायला लोक लाजतात. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की कोणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतले तर वेगळा करार नसेल तेव्हा हक्क त्याचा! त्यामुळे हक्क माझ्याकडे, तुम्हाला अमुक वापराची अमुक काळासाठी परवानगी, एवढं ईमेलवर तरी आधीच मान्य करून घ्या. परदेशी जाताना बऱ्याच देशांना पत्रकाराचा वेगळा व्हिसा लागतो, टुरिस्ट व्हिसावर काम करताना पकडलं तर सोडवायला कोणी येत नाही. आणि विमानतळावर जातानाच कस्टमकडून कॅमेऱ्याचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, नाहीतर परत येताना आपल्याच सामानावर ड्युटी भरायचा वाद घालत बसावं लागतं.

फोटोशॉपमध्ये उजेड-अंधार जरा नीट करून घ्या, पण माणूस, खांब काही काढायचं नाही. 2016 मध्ये मॅकरीच्याच फोटोंवरून यावरून केवढा गदारोळ झाला. वर्ल्ड प्रेस फोटो या स्पर्धेवाले तर मूळ फाइलच मागतात.

पुस्तक करायचं झालं तर फोटो छोटे प्रिंट करून पडवीत पसरा आणि क्रम दुसऱ्या कोणालातरी लावू द्या, सालगादोची पुस्तकं त्याची बायको लेलिया लावायची. मजकूर झाला की छापायला देण्याआधी बंदरावर जाऊन वाचून दाखवा. तिथे कोणी ना कोणी अडवतोच. खारवी, गाबीत, दालदी हे मच्छीमारांचे वेगवेगळे समाज, त्या सगळ्यांना तुम्ही सरसकट 'कोळी' लिहून ठेवलेलं असतं, ते तिथल्या तिथे खोडायला लावतात.