पायांतली ताकद मोजा घरच्या घरी, तीस सेकंदांत

खुर्चीतून उठताना आई-वडील हातांवर जोर देऊ लागले, की त्यांच्या मांड्यांची ताकद तपासायची वेळ झाली असं समजा. त्यासाठी ‘तीस सेकंदांची उठबस’ ही चाचणी पुरते. मात्र छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा रक्तदाब 160/100 च्या वर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

खुर्ची बिनहाताची, सरळ पाठीची आणि जमिनीपासून 43 सेंटिमीटर (17 इंच) उंच हवी. सोफा नको, तो खोल असतो, दबतो आणि आकडा खोटा येतो. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते, म्हणून कुठलीही खुर्ची भिंतीला टेकवूनच ठेवा. स्लिपर काढायला सांगा. साडी किंवा धोतर पायात येत नाही ना, हेही पाहा.

बैठकीच्या मध्यावर बसवा. पाठ ताठ, पावलं जमिनीवर सपाट, दोन्ही हात छातीवर आडवे. एक-दोनदा सराव करून घ्या, मग घड्याळ लावा. पूर्ण उभं राहून पुन्हा पूर्ण बसलं की एक. वेळ संपताना अर्ध्याहून जास्त उठलेले असतील, तर तेही धरा. तुम्ही शेजारीच उभे राहा.

चूक होते ती इथे: गुडघे वाकलेले असतानाच माणूस परत बसतो, आणि आपण तेही मोजतो. ते धरायचं नाही. दम रोखू देऊ नका, मोठ्याने आकडे म्हणायला लावा. एकदा जरी हात टेकला, तरी गुण शून्य. ऐकायला कठोर वाटतं, पण हातांनी उठलं तर पायांचं काहीच कळत नाही.

अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या तक्त्याप्रमाणे 60–64 वयात पुरुषांना किमान 14 आणि स्त्रियांना 12 वेळा जमायला हवं. 65–69 ला 12 आणि 11, 70–74 ला 12 आणि 10, 75–79 ला 11 आणि 10, 80–84 ला 10 आणि 9. त्याखाली आकडा आला, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे.

मग चाल पाहा. नेहमीच्या चपला, काठी लागत असेल तर काठीही. खुर्चीतून उठून 3 मीटर नेहमीच्या वेगाने चालायचं, वळून परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. वळताना तोल जातो का, भिंत धरतात का, याकडे लक्ष ठेवा.

आकड्यासोबत तारीख आणि खुर्ची कोणती हे लिहून ठेवा. गुडघा दुखल्यामुळे थांबले असतील, तर तेही नोंदवा. दुखण्याचा आणि अशक्तपणाचा इलाज वेगळा असतो.